आईच्या सुराचा आकडा

त्या चिपला मोठा आकडा दिला की आवाज लहान व्हायचा. शून्य दिलं की सगळ्यात मोठा, त्रेसष्ट दिलं की गप्प. हे उलटं गणित माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत नगरच्या सावेडीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या प्रत्येकाचं डोकं मी उठवलं.

नव्वदीच्या मध्याची ही गोष्ट. शिक्षण संपवून मी त्या क्लासमध्ये शिकवायला लागले होते. क्लासमध्ये सहा मशीन होती. पाच मुकी होती, म्हणजे फार तर पीं करायची. सहाव्यात साउंड कार्ड होतं. गेमच्या आवाजाला भुलून मुलं क्लासला नाव घालतील असा क्लासच्या सरांचा हिशेब होता. मुलं आली, गेम खेळली आणि दुसऱ्या क्लासला गेली. कार्ड तसंच राहिलं.

त्या कार्डावर नखाएवढी एक काळी चिप होती. आज कॉम्प्युटर पेटीचा आवाज काढतो तेव्हा कुणीतरी खरी पेटी वाजवून साठवलेली असते. त्या चिपमध्ये काहीच साठवलेलं नव्हतं. आवाज आकड्यांतून घडवावा लागायचा. एक लाट सूर वाजवणार आणि दुसरी लाट तिला हलवणार, एवढंच तिला येत होतं. मी मुलांना असं समजावायचे: खडीच्या रस्त्यावर सायकल चालवताना तोंडानं ‘आ’ म्हणा. आवाज थरथरतो की नाही? आता तोच रस्ता सेकंदाला शेकडो वेळा हादरे देतोय असं समजा. मग थरथर ऐकू येत नाही, आवाजाची जातच बदलते. थोडे हादरे दिले तर बासरी, जास्त दिले तर सनई आणि फारच दिले तर पत्र्यावर घासलेला चमचा.

कार्डाबरोबरच्या फ्लॉपीत एक इंग्रजी माहितीची फाईल होती. ती मी छापून घेतली, बेसिकमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि एक दोनशे पानी वही घेतली. वहीत चार रकाने आखले: क्रमांक, कोणता आकडा बदलला, कितीचा किती केला, कसा वाजला. सुरुवातीच्या आठ पानांवर चौथ्या रकान्यात फक्त ‘वाईट’ असं भरलं आहे. एकदा प्रोग्रॅम बंद केला आणि सूर बंद करायची आज्ञा द्यायला विसरले. चिपला कुणी थांब म्हटलं नाही तर ती थांबत नाही. मी पाणी प्यायला गेले. सर रस्त्यावर जाऊन कुठल्या गाडीचा हॉर्न अडकलाय ते बघून आले.

हे सगळं तोवर नुसती हौस म्हणून चाललं होतं. काम निघालं ते गावी, कोल्हारला.

कोल्हारला आमचं घर. आई अंगणवाडीत होती आणि वस्तीतल्या बायकांच्या गाण्याच्या मंडळात पुढं उभं राहून गाणारी तीच. तिच्या डाव्या बाजूला ढोलकीवर शेजारची मावशी आणि उजव्या बाजूला पेटीवर एक मामा, मागं कोरसला सात-आठ जणी. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारासमोर मांडव पडायचा. आधी झेंडा, मग वंदना, मग बायकांची गाणी आणि शेवटी खीर. त्या वर्षी पेटीवाले मामा मुलाकडं नाशिकला राहायला गेले आणि पेटी अर्थातच त्यांच्याबरोबर गेली.

उत्सव मंडळाचे अध्यक्ष आमच्याच गल्लीतले, मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी तोडगा काढला की यंदा मांडवात कॅसेट लावू आणि बायकांनी तिच्याबरोबर गावं. नुसत्या ढोलकीवर माइकसमोर सूर इकडंतिकडं जातो, लोक हसतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

बाकी कुणाची काही हरकत नव्हती, पण आई तिथून उठून गेली. कारण मावशीनं मला नंतर सांगितलं. त्या हिवाळ्यात आईनं स्वतःचं एक गाणं रचलं होतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांचीच गाणी गायली होती. हे पहिलं तिचं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, विहिरीपासून लांब उभं राहून कुणीतरी पाणी ओतेल याची वाट पाहावी लागायची, त्यावर ते गाणं होतं. पण सूर रडका नव्हता, चांगला ठेक्यातला होता. धृपद असं होतं:

‘माझ्या हातानं भरते घागर,
सांग कुणाची वाट पाहू?’

हे गाणं कुठल्या कॅसेटवर असणार? पेटी नाही म्हणजे गाणं नाही.

मी काकांकडं गेले आणि म्हणाले की पेटी कॉम्प्युटर वाजवील. काका मोठ्यानं हसले. “कॉम्प्युटर? त्यो तर रेल्वेची तिकिटं काढतो ना?” शेवटी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी ऐकवायचं ठरलं. जमलं तर गाणं, नाहीतर कॅसेट. माझ्याकडं सहा आठवडे होते. मी वहीचं नवं पान उघडून कामं लिहिली: पेटीचा आवाज, आईचा सूर, गाण्याची सुरावट, सरांची परवानगी, मशीनची वाहतूक.

पेटीच्या आवाजाला चार आठवडे गेले. मी आठवडाभर सावेडीत आवाज घडवायचे, त्यातले बरे दहा, आधी क्रमांक बोलून, कॅसेटवर भरायचे आणि शनिवारी एसटीनं घेऊन जायचे. रविवारी दुपारी आई आणि मावशी गहू निवडायला बसायच्या आणि माझे आवाज ऐकायच्या. मी चौथ्या रकान्यात त्यांची मतं जशीच्या तशी लिहीत होते. तीन नंबर, बाटलीतली माशी. पाच नंबर, एसटीचा हॉर्न, लांबून. आठ नंबर, सर्दी झालेली पेटी. सर्दी म्हणजे पेटीपर्यंत तरी पोचलो, म्हणून मी त्या आठ नंबरवर खूण केली. हलवणाऱ्या लाटेचा जोर एकेक आकड्यानं कमी केला तेव्हा सर्दी उतरली. दोन आवाज एकमेकांपासून किंचित सरकवून एकत्र वाजवले तेव्हा भाता हलतोय असं वाटायला लागलं. तो एकतीस नंबर. मावशीनं गव्हातून मान वर केली आणि विचारलं, “मामा आले व्हय गं नाशकाहून?”

आईच्या सुराचं काम मात्र मजेचं झालं. पेटीला पट्ट्या ठरलेल्या असतात. मामा तिला काळी तीनमध्ये गायला लावायचे. तिथं तिचा आवाज खाली खरखरायचा. पुढची पट्टी, पांढरी पाच, धरली की वर ताण पडायचा. मधे काहीच नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं ती काळी तीनमध्ये खरखरत गायली. चिपला पट्टी नव्हती, आकडा होता. काळी तीनचा चारशे अठ्ठ्याऐंशी, पांढरी पाचचा पाचशे सतरा आणि मधले सगळे मोकळे. मी आईला कशाच्याही आधाराशिवाय, मोकळ्या गळ्यानं गायला लावलं, टेप केलं आणि सावेडीला जाऊन आकडा जुळवला. पाचशे दहा आला. मशीन कोल्हारला आल्यावर कळलं की घरच्या टेपचे सेल उतरलेले होते. भरताना तो सावकाश चालला म्हणून क्लासच्या टेपवर आई चढी वाजली. खरा आकडा पाचशे एक. मशीनसमोर आईला उभं करून मी एकेक उतरत गेले आणि पाचशे एकला ती म्हणाली, “बास. हितं थांब. हितं गळ्याला जागा हाय.” मग सगळे स्वर त्या आकड्यावरून कॅल्क्युलेटरवर पुन्हा काढले.

सरांनी मशीन शनिवार ते बुधवार द्यायचं कबूल केलं होतं, पण माझ्याकडून सात अटी लिहून घेतल्या. दुसरी अट, मशीनजवळ कुणी पाणी पिणार नाही. सहावी, मशीनवर हळदकुंकू वाहू नये. आमच्याकडं तसं कुणी वाहणार नव्हतं, तरी मी सही केली. मशीन गोधडीत गुंडाळून, मॉनिटर मांडीवर घेऊन मी टेम्पोत पुढं बसून कोल्हारला आले. देवळाली-प्रवरापासून पुढं खड्डा आला की चालक स्वतःहून म्हणायचा, धरा ताई.

रविवारी काका आले. खाटेवर बसले. मी घरात टेबलावर मशीन मांडलं होतं. आई उभी, मावशी ढोलकी घेऊन खाली. गाण्याचे सगळे स्वर मी घड्याळ लावून मोजून प्रोग्रॅममध्ये भरले होते. मी एक कळ दाबली आणि हात बांधून उभी राहिले.

धृपद छान झालं. दुसऱ्यांदाही छान झालं. काकांनी मान डोलावली. मग आई थांबली, कानावर हात ठेवला आणि शेर म्हणायला लागली. आमच्या गाण्यात हे असतंच. कडव्याच्या आधी गाणारा मधेच ठेका सोडून दोन ओळी मोकळ्या म्हणतो. कधी एक शेर, कधी तीन. समोरून दाद आली तर पुन्हा. तोवर पेटीनं नुसता सूर धरून बसायचं. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण घड्याळ लावून गाणं मोजलं तेव्हा मी आईला सांगितलं होतं, मधलं काही नको, नुसतं गाणं म्हण. आणि ते नुसतं गाणं मी मशीनमध्ये भरलं होतं.

मशीन निघालं. आई अजून विहिरीपाशी आणि पेटी पहिल्या कडव्याच्या शेवटी. आईनं धावत गाठायचा प्रयत्न केला, तोवर दुसरं कडवं सुरू झालं. मावशीनं ढोलकी थांबवली. मशीननं एकट्यानं गाणं संपवलं आणि सगळे ते संपायची वाट बघत बसले. आई म्हणाली, “त्याला काय एसटी गाठायचीय?”

काका चांगले होते. आवाज एक नंबर झालाय म्हणाले. मंगळवारी संध्याकाळी परत येतो, मांडववाल्याला तेव्हा सांगावं लागेल, असं म्हणून गेले.

मी काय केलं असेल? यादी केली. धृपद दोन वेळा. शेर, वीस सेकंद. कडवं एक. धृपद एक वेळा. शेर, पंधरा सेकंद. स्वच्छ अक्षरात लिहून ती यादी आईसमोर भिंतीला लावली आणि मशीनमध्ये तेवढ्याच जागा सोडल्या. सोमवारी आई तशी गायली. सगळं वेळेवर झालं. एकही चूक नाही. संपल्यावर मावशी म्हणाली, “बाई, तू गात हुतीस का रेशनच्या रांगेत नंबर पुकारत हुतीस?”

मला वाटलं आई हसेल. ती हसली नाही. तिनं भिंतीवरची यादी काढली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

“ह्या गाण्यात मी माझ्या आयला उभी केलीय. तिला वीस सेकंदात न्हाई मला बोलता येत. काकांना म्हणावं, लावा क्याशेट.”

आणि ती अंगणवाडीला निघून गेली.

तोवर मी धरून चालले होते की मी आईला मदत करते आहे. ती गेल्यावर मी मावशीला विचारलं की मामांना कसं कळायचं, शेर संपला ते. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्या घरात वाढलेच नाही. “कानावरचा हात,” ती म्हणाली. हात कानावर आहे तोवर आई बोलणार. हात खाली आला की पुढची ओळ. हात पुढं झाला की तीच ओळ परत. मामा कधी पेटीकडं बघायचेच नाहीत.

मी पुन्हा मशीनसमोर बसले आणि घड्याळ काढून फेकून दिलं. म्हणजे प्रोग्रॅममधलं. गाण्याचे तेवीस तुकडे केले. एक कळ दाबली की पुढचा तुकडा, दुसरी दाबली की तोच परत. आणि तुकड्याचा शेवटचा सूर बंद करायची आज्ञा काढून टाकली. चिपला थांब म्हटलं नाही तर ती थांबत नाही. जी चूक झाल्यावर सर रस्त्यावर धावले होते, तीच आता मी तेवीस वेळा मुद्दाम केली. वेग तेवढा तसाच ठेवला. तो मावशीच्या ठेक्याशी आधीच जुळत होता, कारण मावशीची ढोलकी कुणासाठी जलद होत नाही.

आईला समजवायला मी गेले नाही. संध्याकाळी ती अंगणात भांडी घासत होती तेव्हा दार उघडं ठेवून धृपद वाजवलं आणि शेवटच्या सुरावर सोडून दिलं. सूर चालू राहिला. एक भांडं, दुसरं भांडं. बराच वेळ झाला. मग अंगणातून शेर ऐकू आला. मी खिडकीतून बघितलं. कानावर हात नव्हता, हाताला राख होती. पण कोपर वर गेलेलं होतं. कोपर खाली आलं आणि मी कळ दाबली.

मंगळवारी काकांसमोर आईनं मुद्दाम परीक्षा घेतली. धृपद एकदा, मग पाचदा. एक शेर लांबवला, एक अर्ध्यात सोडला. मी मशीनकडं पाठ करून, हात मागं नेऊन कळा दाबत होते, म्हणजे आई दिसत राहील. एकदा चुकले, पण पुढच्या मात्रेला सावरलं. काका चहा पिऊन उठले आणि दारात चप्पल घालताना विचारलं, “टेबल किती मोठं लागंल?”

बुधवारी, पौर्णिमेला, सकाळी नऊच्या सुमारास, झेंडा आणि वंदना झाल्यावर, आम्ही मांडवात बसलो. दुसऱ्या अटीप्रमाणं मी टेबलाभोवती कुणाला पाण्याचा तांब्या आणू दिला नाही. स्पीकरवाल्याला माझी वायर कुठं घालायची ते कळेना, तर शेवटी त्यानं माइकच मशीनच्या छोट्या स्पीकरसमोर उभा केला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आधी मॉनिटरकडंच बघत होत्या. त्यात चित्र दिसेल असं त्यांना वाटत होतं.

पाचशे एकमध्ये आई अशी गायली की मला तिचा आवाज नवा वाटला. खरखर नव्हती. पहिला शेर झाला, दाद आली, तोच पुन्हा झाला. मी मागं हात ठेवून तिचा कान बघत होते. पहिलं कडवं झालं. धृपदाला पुढच्या रांगेतल्या बायका आपसूक म्हणायला लागल्या, आईचा हात पुढं, परत, पुढं, परत. मग हात कानावर गेला आणि दुसऱ्या कडव्याआधीचा शेर यायला हवा होता. तो मला पाठ होता. तो आलाच नाही. आई माझ्याकडं वळली आणि म्हणाली:

‘आई माझी विहिरीपाशी उभी ओंजळ धरून,
लेक माझी कळ दाबते खुर्चीवर बसून.’

मांडवात आधी हशा झाला, मग टाळ्या, मग एक म्हातारी पदर डोळ्याला लावून परत म्हण म्हणाली. आईनं परत म्हटलं. हात खाली आला. मी नुसती बघत राहिले. सूर चालूच होता, चिपला काय. मावशीनं ठेका धरला, एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. आई हात खाली सोडून उभी होती आणि हसत होती. तिसऱ्याला मावशीनं ढोलकीवरून हात न काढता मान मागं केली आणि म्हणाली, “ताई, दाब की. लोकांना खीर खायचीय.”

मी दाबली.

खिरीच्या वेळी पलीकडच्या गावाहून आलेल्या एका बाईनं आईकडं गाणं उतरवून मागितलं. तिच्या मंडळात म्हणायचं होतं. आईनं मला बोलावलं. मी वहीचं एक पान फाडलं, टेबलाच्या कडेला बसले आणि आई सांगत गेली तसं लिहीत गेले. धृपद, कडवी, जुने शेर, ओळीनं, क्रमांक घालून. सगळं झाल्यावर मी खाली रेघ मारली आणि तो नवा शेर शेवटी, वेगळा लिहायला घेतला.

आईनं खिरीची वाटी खाली ठेवली. “तिथं न्हाई,” ती म्हणाली. “मधी लिही, दुसऱ्या कडव्याच्या आधी. तिथंच म्हटलाय मी.”

मधे जागा नव्हती. मी तो समासात आडवा लिहिला.